डोरोथीताईला कुणी उचलायचं?

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एक घर बघा. घरात एक लांबलचक सोफा आहे. सोफ्याच्या एका टोकाला आजोबा बसलेत, दुसऱ्या टोकाला तुम्ही. मधे उशांची भिंत. आजोबा रागावलेले नाहीत, तुम्हीही काही खोडी केलेली नाही. तरीही त्यांच्याजवळ जायला तुम्हाला सक्त मनाई आहे. दिसलं? मग तुम्ही आता इंग्लंडात, मेडनहेड नावाच्या गावात आहात. साल दोन हजार नऊ, महिना ऑगस्ट, आणि तुमचं नाव तनू.

त्या वर्षी जगभर स्वाइन फ्लूची साथ पसरली होती. तनूचे आजोबा, मुरलीधर त्यांचं नाव, उन्हाळ्यासाठी श्रीवर्धनहून मुलाकडे आले होते आणि आता येत्या सोमवारी परत निघणार होते. मुंबईच्या विमानतळावर उतरणाऱ्या प्रत्येकाचा ताप बघत होते. अंग जरा कोमट लागलं की माणूस थेट इस्पितळात! आदल्या हिवाळ्यात आजोबांची छाती चांगलीच भरली होती. म्हणून तनूची आई नीना हिने फर्मान काढलं होतं: सोमवारपर्यंत आजोबांना कुणी हात लावायचा नाही. मिठी नाही, टाळी नाही, पाठीवर बसणं तर नाहीच नाही. आईचं चुकत होतं असं नाही बरं का. ती फक्त जरा जास्तच बरोबर होती.

पण तनूची अडचण वेगळी होती. आजोबांनी तिला गळ टाकायला शिकवायचं कबूल केलं होतं, आणि ती विद्या हातावर हात ठेवल्याशिवाय येत नाही.

“मासा लागला ना, की दोरी बोटाशी बोलते,” आजोबा सांगायचे. “काय बोलते ते तोंडाने सांगून कळत नाही. मी तुझ्या बोटावर बोट ठेवीन, तेव्हा कळेल.”

जूनमध्ये पाहुणे होते. जुलैमध्ये आईच्या ऑफिसात कुणीतरी आजारी पडलं आणि घराची दारं लागली. आता उरला होता एकच शनिवार. आजोबांचे गुडघे इतके कुरकुरत होते की पुन्हा एवढा प्रवास करून ते येतील, असं कुणी म्हणत नव्हतं. तेही म्हणत नव्हते.

“आई, प्लीज जाऊ ना,” तनू म्हणाली. “एकदाच.”

आता, आपल्याकडे कुठलाही निर्णय चार माणसांना विचारल्याशिवाय होत नाही, आणि चार माणसांना विचारल्यावर तर होतच नाही. तनूच्या बाबांनी, म्हणजे प्रणवने, फोन स्पीकरवर टाकला. एकीकडे पुण्याहून त्याची मोठी बहीण यमुनाआत्या, दुसरीकडे क्रॉयडनहून त्याचा मित्र गिरीशकाका.

“प्रणव, डोकं ठिकाणावर आहे ना?” आत्या कडाडली. “इथे शाळा बंद, मॉल बंद, लोक तोंडाला फडकी बांधून हिंडतायत. आणि तू बाबांना घेऊन त्या ब्रॅकनेलच्या तळ्यावर मासे मारायला निघालास?”

“अगं ताई, मोकळ्या हवेत...”

“हवेतच असतो तो!”

“ताई, लॉजिकली बघा,” गिरीशकाका मधे पडला. “हा फ्लू डुकरांचा. माशाचा आणि डुकराचा कॉन्टॅक्ट येतो का कधी?”

“कशावरून येत नाही? तळ्यावर पाणी प्यायला येत असतील डुकरं.”

“ब्रॅकनेलच्या तळ्यावर?”

“मी ब्रॅकनेलला रोज ऑफिसला जाते,” नीना म्हणाली. “मला तरी अजून एकही डुक्कर दिसलेलं नाही.”

“तेच म्हणतेय मी,” आत्या म्हणाली. “दिसत नाहीत, म्हणूनच काळजी.”

तेवढ्यात आजोबा खाकरले. खोलीतला प्रत्येक जण दगडासारखा थिजला.

“बाबा, घसा दुखतोय का?” नीनाने हळूच विचारलं.

“नाही गं. बोलायचंय मला. बोलण्याआधी माणूस खाकरतो.” आजोबांनी मांडी सावरली. “मला सांगा, या साथीत सरकार काय म्हणतं? गर्दी करू नका, जवळ बसू नका, उगाच तोंड उघडू नका. गळ टाकणारा माणूस आयुष्यभर दुसरं काय करतो? दोन कोळी खडकावर जवळ बसले तर दोऱ्या गुंततात. बोलले तर मासा पळतो. सरकारला अक्कल असती तर औषधाऐवजी घरोघरी गळ वाटले असते.”



“मुद्दा आहे,” गिरीशकाका म्हणाला.

“बाबांना पहिल्यापासून मुद्दे फार,” आत्या म्हणाली. पण तिचा आवाज उतरला होता. “जायचंच असेल तर कापूर आणि वेलदोड्याची पुरचुंडी करून गळ्यात घाला. सगळ्यांनी. रुमालावर निलगिरीचं तेल. इथे अख्खं पुणं तेच करतंय.”

नीनाने तिच्या अटी सांगितल्या. मास्क काढायचे नाहीत. हातमोजे काढायचे नाहीत. कुठल्याही अनोळखी माणसाच्या जवळ जायचं नाही. आणि आजोबांपासून सगळ्यांनी दोन हात लांब.

“मग आजोबा मला शिकवणार कसा?” तनू म्हणाली. तिचं मराठी असंच होतं, मधेच आजोबांना ‘अरे-तुरे’ करणारं.

“लांबून,” आई म्हणाली.

शनिवारी सकाळी मंडळी निघाली. मास्क रंगाऱ्यांचे होते, भिंती घासताना लावतात तसले पांढरे, वाटीसारखे. दुसरे कुठे मिळालेच नव्हते. हातमोजे भांडी घासायचे, पिवळेधमक. चौघांच्या गळ्यात कापराच्या पुरचुंड्या. गाडीत निलगिरीचा असा घमघमाट की सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या बाईंनी घाईघाईने काच वर केली. “बघा,” नीना म्हणाली, “तीही काळजी घेतेय.”

तळं छान होतं. काठाला लव्हाळी, पाण्यावर कमळाची पानं, आणि ठरावीक अंतरावर बसायला लाकडी ओटे. इंग्लंडात अशी तळी असतात, तिथे पैसे भरून दिवसभर गळ टाकता येतो. तळ्याचे राखणदार होते पेटिफर नावाचे उंच, म्हातारे गृहस्थ. ऑगस्टात लोकरीची टोपी घातलेले. त्यांनी गाडीतून उतरणारी ही चार माणसं पाहिली, पांढरी तोंडं, पिवळे हात, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

“माझे मासे ठणठणीत आहेत!” ते दुरूनच इंग्रजीत ओरडले. “एकही आजारी नाही! शपथेवर सांगतो!”

“काय म्हणतोय तो?” आजोबांनी विचारलं.

“तो म्हणतोय त्याचे मासे बरी आहे,” तनू म्हणाली.

“आपण विचारलं होतं का?”

“नाही.”

“मग नक्की काहीतरी लपवतोय,” नीना म्हणाली आणि एक पाऊल मागे सरली.

झालं होतं असं. माशांनाही साथीचे रोग होतात. एका तळ्यातली जाळी न धुता दुसऱ्या तळ्यात बुडवली की रोग तिकडे जातो आणि भराभर मासे मरतात. तशी शंका आली की सरकारी तपासनीस येऊन तळं बंद करतात. पेटिफरना वाटलं, हे तेच! मास्क काय, मोजे काय, औषधाचा वास काय. इंग्लंडात तेव्हा बाकी कुणी मास्क लावत नव्हतं. त्यांना दुसरं सुचणार तरी काय?

प्रणवने लांबूनच ओरडून सगळा उलगडा केला. पेटिफरनी टोपी काढून कपाळ पुसलं. पण लगेच त्यांच्या कपाळाला दुसरी आठी पडली.

“याआधी कुठल्या पाण्यात गळ टाकलात?” त्यांनी आजोबांना विचारलं.

“अरेबियन सी,” आजोबा छाती काढून म्हणाले.

“पूर्ण?”

“बराचसा.”

पेटिफरनी त्या सबंध समुद्राचा विचार केला आणि एक मोठं पिंप पुढे ढकललं. त्यात जंतुनाशकाचं पाणी होतं. जाळी बुडवा, काठ्या बुडवा, बुटांचे तळवे बुडवा. आजोबांनी श्रीवर्धनहून आणलेली दोरी आणि शिशाचं वजन त्यांनी तर चिमटीतही धरलं नाही. इथे शिशाला बंदी, ते हंसांच्या पोटात जातं. त्यांनी स्वतःचे, टोकाला उलटा काटा नसलेले गळ काढून ओट्यावर ठेवले, आणि नीनाने लांब राहायला सांगण्याच्या आतच आपण होऊन दहा पावलं मागे गेले.

नीनाचे डोळे मास्कच्या वर चमकायला लागले. इतके दिवस घरात, ऑफिसात, फोनवर सगळे तिला हसत होते. आणि इथे, एका तळ्याकाठी, तिला अखेर एक समजूतदार माणूस भेटला होता.

“ते पिंप रोज बदलता?” तिने ओरडून विचारलं.

“दिवसातून दोनदा!” पेटिफर ओरडले.

“व्वा!” नीना म्हणाली.

“आणि मासा लागला तर,” पेटिफर म्हणाले, “कोरड्या हाताने शिवायचं नाही. आधी हात तळ्यात भिजवायचे. मोजे तर अजिबात नकोत. गळ काढायचा आणि मासा परत पाण्यात.”

तनूने हे आजोबांना सांगितलं. आजोबांनी तिला ते पुन्हा सांगायला लावलं. मग प्रणवकडून खात्री करून घेतली.

“परत?” ते म्हणाले. “पकडायचा, त्याची विचारपूस करायची, आणि परत? अरे, मी पिशवीत कोकम घेऊन आलोय!”

“बाबा, इथे खात नाहीत,” प्रणव म्हणाला. “स्पोर्ट आहे तो.”

“माशाला विचारलंय का, त्याला खेळायचंय का?”

पण शनिवार एकच होता. आजोबा ओट्याच्या एका टोकाला बसले, तनू दुसऱ्या. आजोबांनी गळाला लावायला खास गोळा आणला होता: कणीक, गूळ आणि भरपूर हिंग. हिंगाच्या वासाला मासा लांबून येतो. त्याला नाकपुड्या असतात, पण श्वासासाठी नव्हे, फक्त वास घ्यायला. पाण्यात विरघळलेला एवढासा वास त्याला कळतो.

आजोबा लांबून हातवारे करत होते, तनू त्यांची नक्कल करत होती. आजोबांनी मनगट वळवलं, तनूने कोपर वळवलं. आजोबा “हळू” म्हणाले, तनूने गळ झाडात टाकला. दुसऱ्यांदा तो नीनाच्या पर्समध्ये गेला.

“अगं, बोट असं... असं नव्हे... थांब, दाखवतो,” म्हणून आजोबा उठले.

“बाबा, दोन हात!” मागून नीनाचा आवाज.

आजोबा बसले. तनूने खाली मान घातली. चुकणं वेगळं, मुलांनो, आणि शिकवणारा समोर असून हाताला न लागणं वेगळं.

दुपार होत आली तरी दोरीला बांधलेलं, पाण्यावर तरंगणारं लाल बोंडूक हललं नाही. समोरच्या काठावर दोन इंग्रज म्हातारे भराभर मासे काढत होते, त्यांची विचारपूस करत होते, सोडत होते.

“आपल्यालाच का येत नाही?” तनूने विचारलं.

आजोबांनी कणकेचा गोळा नाकाशी धरला. मास्कमधून काय वास येणार? त्यांनी मास्क हळूच खाली ओढला, हुंगलं, आणि इतक्या जोरात शिंकले की लव्हाळ्यातलं बदक उडालं.

“बाबा!” नीना किंचाळली. “प्रणव, थर्मामीटर!”

“अगं, मला काही झालेलं नाही!” आजोबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “ह्या गोळ्याला काय फासलंयस तू?”

कुणी काही फासलं नव्हतं. कणकेचा गोळा रात्रभर त्याच पिशवीत होता, ज्या पिशवीत कापूर आणि निलगिरीची बाटली. सकाळपासून तळ्यातल्या माशांना आजोबा जे वाढत होते ते खाणं नव्हतंच. ते औषध होतं. आता सबंध इंग्लंडात साथीपासून सर्वांत सुरक्षित कुणी असेल, तर ते मासे.

“दुसरं काय आहे खायला?” आजोबांनी विचारलं. “ज्याला कापूर लागला नाही असं?”

घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात कोथिंबिरीच्या वड्या होत्या. जेवणासाठी. प्रणवने डब्यावर हात ठेवला. “या माझ्या आहेत,” तो म्हणाला. आजोबांनी नुसतं त्याच्याकडे बघितलं. डबा उघडला गेला.

वडीचा तुकडा गळाला लागला. तनूने दोरी टाकली, या वेळी झाडात नाही, पर्समध्ये नाही. लाल बोंडूक एकदा डुचमळलं. मग सरळ दिसेनासं झालं.

“लागला!” आजोबा उठून उभे राहिले. “ओढू नकोस! जाऊ दे त्याला... आता धर... जाऊ दे... अगं, बोट सैल!”

दोरी सर्रकन पळत होती आणि तनूच्या पिवळ्या मोज्यातून तिला काही म्हणजे काही कळत नव्हतं. दोरी कुणाशी बोलत असेल तर ती रबराशी बोलत होती. काठी कमानीसारखी वाकली. तनू ओट्याच्या कडेपर्यंत खेचली गेली. आता दोन हातांचं अंतर कोण मोजतो! आजोबांनी एका ढांगेत तिला गाठलं, स्वतःचे मोजे झटकले, तिचे ओढून काढले आणि तिच्या बोटांवर आपली खरबरीत बोटं ठेवली.

“ऐक,” ते म्हणाले.

आणि तनूला ऐकू आलं. दोरीत आधी एक थरथर, मग एक जड, संथ ओढ, मग क्षणभर काहीच नाही. “आता दमला,” आजोबा पुटपुटले. “आता घे.” तनूने घेतलं. मागे नीना “बाबा! तनू! बाबा!” असं आळीपाळीने ओरडत होती, कारण नेमकं कुणाला ओरडावं हे तिला ठरवता येत नव्हतं.

जाळ्यात आला तो सोनेरी-तपकिरी, जाड ओठांचा, तनूच्या दप्तराएवढा कार्प मासा. प्रणवने धीर करून जाळं ओल्या गादीवर ठेवलं. हो, गादी! माशाला खरचटू नये म्हणून तिथे गादी असते. आजोबांनी ओल्या बोटांनी ओठातला गळ अलगद सोडवला.

“डोरोथी!” दहा पावलांवरून पेटिफर ओरडले. “ती डोरोथी आहे! वीस वर्षांची! दोन वर्षांत कुणाला दिसली नव्हती! मला वाटलं, गेली!”

“हिला नाव आहे?” आजोबांनी विचारलं.

“आणि ती वीस वर्षांचा आहे,” तनू म्हणाली.

आजोबा माशाकडे बघत राहिले. मासाही आजोबांकडे बघत राहिला.

“म्हणजे तुझ्याहून मोठी. ताई झाली तुझी,” आजोबा म्हणाले. त्यांनी कोकमाची पिशवी पायाने हळूच मागे सारली. “आता नाव-गाव असलेल्या बाईला फोडणीत कसं घालणार?”

“पाण्यात! लवकर पाण्यात!” पेटिफर ओरडले. “ती दमलीय! दोन्ही बाजूंनी धरा, पाण्यात सरळ ठेवा, तिला दम येईपर्यंत! ओले हात! उघडे हात!”

एवढं सांगून ते स्वतः पुढे धावले आणि नीनाला बघून थबकले. सकाळी लांब राहायचं ठरलं होतं. शब्दाचा पक्का माणूस. दहा पावलांवर उभं राहून ते हात चोळू लागले.

तनूने डोरोथीताईला एका बाजूने धरलं. पण ती जड होती, आणि बुळबुळीत. तो बुळबुळीत थर म्हणजे माशाचं चिलखत असतं, त्यानेच रोग बाहेर राहतो. म्हणून तर कोरड्या हाताने तो पुसायचा नाही. आजोबांनी दुसरी बाजू धरली आणि उठायला गेले, तर गुडघे कडकड वाजले आणि तिथेच अडकले. ना वर, ना खाली.

“प्रणव!”

प्रणवच्या कानाला मोबाइल होता आणि दुसऱ्या हातात कॅमेरा. “ताई, शिंकले, पण ते कापरामुळे,” तो सांगत होता. “नाही गं, डुक्कर नाही. मासा. डोरोथी. नाही, मैत्रीण नाही, ऐकून तर घे...”

राहिली नीना. ती गादीशी उभी होती, पिवळे हात हवेत उंच धरून, जसे ऑपरेशनच्या आधी डॉक्टर धरतात. मास्कवरचे डोळे एकदा आजोबांच्या गुडघ्यांकडे जात होते, एकदा तनूच्या उघड्या हातांकडे, एकदा डोरोथीताईच्या उघडमीट करणाऱ्या तोंडाकडे.

“मी नाही हात लावणार,” ती म्हणाली. “सोमवारी फ्लाइट आहे. कुणीतरी एक जण स्वच्छ राहायला हवं ना घरात?”

“आई,” तनू म्हणाली, “तिला श्वास नाही येत.”

नीना हलली नाही. पण ती मागेही गेली नाही.

तेव्हा तनूने डोरोथीताईची आपली बाजू पुन्हा ओल्या गादीवर टेकवली, उठली, आईच्या दोन्ही हातांतले पिवळे मोजे बोटं धरून एकेक करून ओढून काढले, आणि तिला मनगटाला धरून तळ्याच्या काठाशी खाली बसवून तिचे हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवले.